चाळीस बटणांच्या राउटर पॅनेलवर सिग्नल भलत्याच ठिकाणी का जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे की स्टुडिओत नवीन लागलोय, कन्सोलवर चाळीस बटणांचं राउटर पॅनेल आहे, म्हणजे कुठलं चित्र कुठल्या मॉनिटरवर किंवा रेकॉर्डरवर जायचं ते ठरवणाऱ्या व्हिडिओ राउटरची बटणं, सिनियर म्हणतात "सोप्पंय, बटण दाबायचं फक्त", पण एका आठवड्यात दोनदा सिग्नल भलत्याच ठिकाणी गेला आणि एकदा बटण दाबूनही काहीच झालं नाही. तर हे पॅनेल नीट चालवायचं कसं, टेक मोड (बटण दाबल्यावर वेगळं "टेक" दाबलं तरच बदल होतो ती सेटिंग) चालू ठेवावा की बंद, आणि एका बटणाचा दिवाच लागत नाही त्याचं काय करायचं.

सिनियर खोटं नाही बोलत, पण त्यांच्या हाताला जी सवय लागलीय ती त्यांना स्वतःला दिसत नाही म्हणून ते असं सांगतात. ते बटण दाबायच्या आधी पॅनेलवर एक नजर टाकतात, अर्धा सेकंद पण लागत नाही त्याला, आणि सगळा खेळ त्या अर्ध्या सेकंदाचा आहे.

मी बरीच वर्षं राउटरवर बसतोय आणि स्वतःच्या नि दुसऱ्यांच्या चुका मोजायला बसलो तर जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या निघतील. सोर्स, म्हणजे सिग्नल जिथून येतो ते, बरोबर, आणि डेस्टिनेशन, म्हणजे तो जिथे जातो ते, चूक. कॅमेरा तीन पाहिजे होता, कॅमेरा तीनच दाबला, फक्त तो माझ्या मॉनिटरवर जायच्या ऐवजी रेकॉर्डरवर गेला. उलटं, म्हणजे डेस्टिनेशन बरोबर आणि सोर्स चूक, असं कमी होतं आणि झालं तरी लगेच समोर दिसतं, कारण तुम्ही त्याच मॉनिटरकडे बघत असता. पहिल्या प्रकारची चूक तुम्हाला दिसतच नाही, कारण ती दुसऱ्याच्या खोलीत झालेली असते.

माझ्याबरोबर झालेलं सांगतो. मुलाखतीचं रेकॉर्डिंग चालू होतं, आधीच्या शिफ्टवाला जाताना पॅनेलवर दोन नंबरचा रेकॉर्डर सिलेक्ट करून गेला होता. मी आलो, बसलो, मला एका कॅमेऱ्याचा फोकस बघायचा होता, म्हणून सरळ त्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मॉनिटर बदलला नाही, मला वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही, परत दाबलं, मग दुसरा कॅमेरा दाबून बघितला. तोपर्यंत रेकॉर्डरवर पाहुण्यांच्या ऐवजी कोपऱ्यातल्या झाडाच्या कुंडीचा वाइड शॉट चालला होता आणि तो अकरा मिनिटं चालला. नशीब कॅमेऱ्यावर वेगळं कार्ड रेकॉर्डिंग होतं म्हणून वाचलो. यातली खरी चूक पहिल्यांदा बटण दाबणं नाही, मॉनिटर बदलला नाही हे दिसल्यावर परत दाबणं ही आहे. दाबलं आणि अपेक्षित ठिकाणी काही झालं नाही तर ते कुठेतरी झालंय असंच धरायचं आणि हात बाजूला घ्यायचा, आधी शोधायचं कुठे झालंय ते.

आता हे असं का होतं ते समजायला राउटर काय करतो हे डोक्यात स्पष्ट पाहिजे. राउटर म्हणजे एक जाळी. एका बाजूने इनपुट येतात, दुसऱ्या बाजूने आउटपुट जातात, आणि जिथे जिथे दोन्ही छेदतात तिथे एक स्विच, त्यालाच क्रॉसपॉइंट म्हणतात. चाळीस बाय चाळीसचा राउटर असेल तर १,६०० क्रॉसपॉइंट झाले. एक सोर्स कितीही डेस्टिनेशनला एकाच वेळी जाऊ शकतो, त्याने सिग्नल पातळ वगैरे होत नाही, पण एका डेस्टिनेशनला एका वेळी एकच सोर्स. म्हणजे सोर्सचं बटण दाबणं म्हणजे नुसतं जोडणं नाही, तिथे आधी जे होतं ते काढून टाकणं पण आहे. आणि बहुतेक राउटरला "काहीच नको" असं बटण नसतं, डेस्टिनेशनवर नेहमी काहीतरी लागलेलंच असतं, म्हणून तर ब्लॅक, म्हणजे काळं चित्र, किंवा कलर बार, म्हणजे तपासणीच्या रंगीत पट्ट्या, हे पण एक सोर्स म्हणून इनपुटला देऊन ठेवतात. मी स्वतः रिकाम्या डेस्टिनेशनवर ब्लॅक ठेवायच्या विरोधात आहे, कारण ब्लॅक आणि सिग्नलच नाही हे बऱ्याच मॉनिटरवर सारखंच दिसतं. बार लावून ठेवा, म्हणजे रस्ता चालू आहे हे लांबून पण कळतं.

तर पॅनेल हे त्या १,६०० स्विचचं चित्र नाहीये. तुमच्यासारखं पॅनेल एका वेळी एकाच डेस्टिनेशनची गोष्ट सांगतं. जे डेस्टिनेशन सिलेक्ट आहे त्याच्यावर कुठला सोर्स लागलाय तेवढं एक बटण ठळक पेटतं, बाकीची मंद पेटलेली राहतात. रंग कंपनीप्रमाणे वेगळे, त्यामुळे हिरवं म्हणजे हे आणि लाल म्हणजे ते असं पाठ करू नका, तुमच्या पॅनेलवर काय आहे ते बघून घ्या. मुद्दा हा की ठळक पेटलेला सोर्स बघून तुम्ही म्हणता "कॅमेरा दोन चालू आहे", पण कुठे चालू आहे हे बघितलंच नाही तर त्या वाक्याला काही अर्थ नाही.

तुमचं पॅनेल कुठल्या पद्धतीने सेट केलंय ते पहिले विचारून घ्या. एक पद्धत असते जिच्यात सगळी बटणं सोर्सची आणि डेस्टिनेशन एकच, ठरलेलं, याला कट बस किंवा सिंगल बस म्हणतात. यात डेस्टिनेशन चुकायचा प्रश्नच नाही, म्हणून ट्रान्समिशनच्या लाइनजवळ असं पॅनेल ठेवणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. दुसरी एक्सवाय, म्हणजे काही बटणं डेस्टिनेशनची आणि काही सोर्सची, आधी डेस्टिनेशन दाबा मग सोर्स. तुमचं वर्णन वाचून तुमचं हेच दिसतंय. तिसरी मल्टी बस, प्रत्येक ओळ म्हणजे एक डेस्टिनेशन, मोठ्या पॅनेलवर असते. आणि मोठ्या राउटरला बटणं पुरत नाहीत म्हणून कॅटेगरी आणि नंबर अशी पद्धत, म्हणजे आधी "कॅमेरा" दाबायचं, मग "७" दाबायचं. शिफ्ट किंवा पेज बटण असेल तर अजून एक खड्डा, तेच बटण दुसऱ्या पेजवर वेगळा सोर्स असतं, आणि पेज दोनवर राहून गेलेलं पॅनेल म्हणजे पुढच्या माणसासाठी पेरून ठेवलेला सुरुंगच.

एक्सवाय पॅनेलवर मी असं करतो. डेस्टिनेशन दाबतो, ते आधीच पेटलेलं असलं तरी परत दाबतो, त्याने काही बिघडत नाही आणि हाताला वळण लागतं. मग त्याच्यावर आत्ता कुठला सोर्स पेटलाय ते बघतो, आणि इथे खरी तपासणी होते, कारण मला माहीत असतं की माझ्या मॉनिटरवर आत्ता समजा कॅमेरा एक दिसतोय, तर पॅनेलवर पण कॅमेरा एकच पेटला पाहिजे. तिथे सॅटेलाइट पेटलेलं दिसलं तर मी चुकीच्या डेस्टिनेशनवर आहे, संपलं. मग सोर्स दाबतो, आणि नजर पॅनेलवर नाही, डेस्टिनेशनच्या मॉनिटरवर. सुरुवातीचे महिनाभर तोंडाने बोला, "मॉनिटर दोनला, कॅमेरा तीन", आधी कुठे मग काय, याच क्रमाने. शेजारचे हसतील, हसू देत. कम्युनिकेशनवर कोणी मागताना पण अशीच सवय लावा, "मला कॅमेरा तीन दे" असं कोणी म्हणालं तर "कुठे देऊ" विचारल्याशिवाय हात उचलायचा नाही. आणि काम झालं की पॅनेल कुठल्यातरी निरुपद्रवी डेस्टिनेशनवर आणून सोडायचं, स्वतःच्या मॉनिटरवर वगैरे. रेकॉर्डर किंवा ऑन एअर सिलेक्ट ठेवून उठायचं नाही, चहाला सुद्धा नाही.

दुसरा प्रश्न, बटण दाबलं आणि काही झालंच नाही. इथे एक गोष्ट समजून घ्या की पॅनेलमधून व्हिडिओ जातच नाही. पॅनेल फक्त नेटवर्कवरून, जुन्या सिस्टिमला सिरियल केबलवरून, राउटरला विनंती पाठवतं की अमुक डेस्टिनेशनला अमुक सोर्स लाव. राउटर ते करतो आणि झालं म्हणून उलट कळवतो, आणि मग बटण पेटतं. म्हणजे नीट बनवलेल्या पॅनेलवर पेटलेलं बटण हे तुमच्या बोटाचं नाही, राउटरच्या उत्तराचं लक्षण आहे. बोट दाबलं आणि दिवा हलला नाही तर विनंती तरी पोचली नाही किंवा राउटरने नाकारली.

नाकारण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे डेस्टिनेशन लॉक आहे. कोणीतरी रेकॉर्डिंग चालू म्हणून लॉक केलं आणि विसरला. बऱ्याच सिस्टिममध्ये लॉक आणि प्रोटेक्ट अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात, लॉक म्हणजे उघडेपर्यंत कोणीच बदलायचं नाही, लावणाऱ्याने सुद्धा, आणि प्रोटेक्ट म्हणजे ज्या पॅनेलवरून लावलं तिथून बदलता येतं, बाकीच्यांना नाही. लॉक दिसला की तो जबरदस्तीने काढायचा अधिकार कदाचित तुमच्या पॅनेलला असेलही, तरी आधी फोन करा. कोणीतरी कशासाठी तरी लावलेला असतो. दुसरं कारण पॅनेल स्वतःच लॉक आहे, काही ठिकाणी बटणं पुसताना चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून पूर्ण पॅनेल लॉक करतात, तेव्हा कुठलंच बटण चालत नाही. तिसरं, टेक मोड चालू आहे आणि तुमचं बटण लुकलुकत वाट बघतंय. चौथं, त्या पॅनेलला ते डेस्टिनेशन बदलायची परवानगीच दिलेली नाही. आणि शेवटचं नेटवर्क, पण नेटवर्क गेलं तर एक बटण नाही सगळं पॅनेल मुकं होतं, बरीच पॅनेल तेव्हा सगळे दिवे लुकलुकवतात किंवा विझवतात.

पॅनेल मेलं म्हणजे राउटर मेला नाही हे मात्र कायम लक्षात ठेवा. पॅनेलची नेटवर्क केबल उपटली तरी राउटर शेवटचे रूट, म्हणजे कुठे काय लागलंय त्या जोड्या, धरून बसतो, चित्र चालूच राहतं. म्हणून पॅनेल अडकलं तर पॅनेल रिस्टार्ट करा, केबल काढून लावा, त्याने ऑन एअरला धक्का लागत नाही. घाबरून राउटरची पॉवर बंद चालू करणारे लोक मी बघितलेत. बहुतेक राउटर पॉवर आल्यावर जुने रूट आठवून परत लावतात हे खरं, पण मधले काही सेकंद संपूर्ण बिल्डिंग काळी होते त्याचं काय. पॅनेल परत चालू होईपर्यंत काम थांबायला नको असेल तर कॉम्प्युटरवरचं राउटरचं सॉफ्टवेअर उघडून तिथून रूट बदला, ते शॉर्टकट कुठे आहे हे शांत दिवशी बघून ठेवा.

टेक मोड. टेक बंद असेल तर सोर्सचं बटण दाबताक्षणी रूट बदलतो. टेक चालू असेल तर सोर्स दाबल्यावर तो लुकलुकतो, आणि टेक दाबलं की मग जातो. माझं मत विचारलंत तर रेकॉर्डर, ट्रान्समिशन, बाहेर जाणाऱ्या लाइन यांना टेक पाहिजेच, आणि मॉनिटर वगैरेला नको, कारण दिवसातून दोनशे वेळा मॉनिटर बदलताना प्रत्येक वेळी टेक दाबायला लागलं की माणूस न बघता टक-टक दोन्ही दाबायला शिकतो आणि मग टेकचा उपयोग शून्य. पण तुमच्या पॅनेलला वेगवेगळी सेटिंग जमत नसेल, सगळ्यांना मिळून एकच असेल, तर नवीन माणसाच्या हातात आहे तोवर चालू ठेवा. टेकचा एक स्वतःचा धोका आहे तो पण ऐका, कोणीतरी सोर्स दाबून लुकलुकता सोडून गेला आणि नंतर दुसऱ्याने टेक दाबलं तर भलताच रूट जातो. काही पॅनेल थोड्या वेळाने ते आपोआप रद्द करतात, काही करत नाहीत. लुकलुकतं बटण दिसलं की टेकला हात लावायच्या आधी डेस्टिनेशन परत दाबा, बऱ्याच पॅनेलवर तेवढ्याने जुनी निवड सुटते, तुमच्यावर सुटते का ते एकदा मॉनिटरवर करून बघा.

आता हे तुम्ही विचारलं नाहीये पण लवकरच विचाराल म्हणून सांगतो. रूट बदलताना कधी चित्र स्वच्छ बदलतं आणि कधी मॉनिटर झटका देतो किंवा क्षणभर काळा होतो, असं का. राउटर स्वच्छ कापू शकतो, पण त्याला कधी कापायचं हे कळायला रेफरन्स सिग्नल लागतो, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकच ताल देणारा सिग्नल, ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल सिंक. रेफरन्स असेल तर तो चित्राच्या बाहेरच्या, न दिसणाऱ्या ओळीवर कापतो, यासाठी एसएमपीटीईने, म्हणजे व्हिडिओची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, ओळी ठरवून दिल्यात, १०८० इंटरलेस्डला पहिल्या फील्डमध्ये ७ वी आणि दुसऱ्यात ५६९ वी, जुन्या ६२५ ओळींच्या सिस्टिमला ६ वी आणि ३१९ वी. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा दोन्ही सोर्स पण त्याच रेफरन्सला बांधलेले असतात. लॅपटॉपमधून कन्व्हर्टरने आलेला सिग्नल किंवा बाहेरून आलेली फीड स्वतःच्या चालीने चालते, ती कुठेही कापली तरी पुढच्या यंत्राला नव्याने ताल पकडायला लागतो, म्हणून झटका. मध्ये फ्रेम सिंक, म्हणजे अशा सिग्नलला आपल्या रेफरन्सच्या तालावर आणणारं यंत्र, असेल तर प्रश्न मिटतो. आणि रेफरन्स असो नसो, एम्बेडेड, म्हणजे व्हिडिओ सिग्नलमध्येच बसवलेल्या, ऑडिओत कट झाल्यावर टक असा आवाज येऊ शकतो, तो चित्रात दिसत नाही म्हणून लोकांना कळत नाही. या सगळ्यामुळे ऑन एअर बदल राउटरवर करू नका, त्यासाठी मिक्सर किंवा मास्टर कंट्रोल स्विचर आहे. राउटर त्याच्या इनपुटला काय द्यायचं ते ठरवतो. तेही स्विचरच्या त्या इनपुटवर लाल टॅली, म्हणजे ते इनपुट आत्ता ऑन एअर आहे हे सांगणारा दिवा, नसताना.

फॉरमॅटचं पण तसंच. राउटर काही बदलत नाही, आत जे आलं तेच बाहेर. सिग्नलची घडी नीट बसवून पुढे पाठवतो, बस. १.४८५ गिगाबिटचा एचडी सिग्नल, २.९७ चा थ्रीजी, ११.८८ चा ट्वेल्व्हजी, आपापल्या क्षमतेत सगळे जातील, पण पलीकडचा मॉनिटर १०८०आय समजतो आणि तुम्ही त्याला १०८०पी५० दिलं तर तो "नो सिग्नल" म्हणेल आणि तुम्ही पॅनेलला शिव्या द्याल. थ्रीजीमध्ये लेव्हल ए आणि लेव्हल बी असे दोन प्रकार आहेत, त्यावरून पण हेच भांडण होतं.

लेव्हलवरून आठवलं, राउटरच्या भाषेत लेव्हल म्हणजे वेगळी गोष्ट, नाव सारखं म्हणून गोंधळ होतो. मोठ्या सेटअपमध्ये व्हिडिओचा एक राउटर, वेगळ्या ऑडिओचा एक, मशीन कंट्रोलचा, म्हणजे रेकॉर्डर वगैरे लांबून चालवायच्या आरएस-४२२ सिरियल लाइनचा एक, अशा लेव्हल असतात आणि पॅनेल एका बटणात सगळ्यांना हलवतं. मुद्दाम व्हिडिओ एकाकडून आणि ऑडिओ दुसरीकडून घेतला तर त्याला ब्रेकअवे म्हणतात. त्यासाठी पॅनेलवर लेव्हल निवडायची बटणं असतात, आणि काम झाल्यावर परत "ऑल" वर आणायचं विसरलं की दुसऱ्या दिवशी माणूस एक बोलतोय आणि आवाज दुसऱ्याचा येतोय असा चमत्कार होतो. नुसत्या एसडीआयवर, म्हणजे स्टुडिओतल्या नेहमीच्या डिजिटल व्हिडिओ केबलच्या सिग्नलवर, चालणाऱ्या राउटरला हे नसतं, तिथे १६ चॅनेलपर्यंतचा ऑडिओ व्हिडिओच्या आतच बसलेला असतो आणि त्याच्याबरोबरच जातो. तुमच्या पॅनेलवर लेव्हलचं बटण नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

सॅल्व्हो म्हणजे एका बटणात ठरलेले पंधरा-वीस रूट एकदम लावणं. शो सुरू व्हायच्या आधी सगळं मूळ जागी आणायला फार छान, रोजचे वीस मिनिटं वाचतात. पण हे बटण दाबायच्या आधी त्यात नेमकं काय काय आहे हे वाचलेलं पाहिजे. बनवणाऱ्याने दोन वर्षांपूर्वी बनवलं, नंतर केबल बदलल्या, डेस्टिनेशनं बदलली, आणि सॅल्व्होला ते माहीतच नाही. आणि सॅल्व्होचं बटण मॉनिटरच्या बटणाशेजारी ठेवू नका, कोपऱ्यात टाका, मध्ये एक बटण रिकामं सोडा. बटणांची मांडणी सॉफ्टवेअरमधून बदलता येते, इंजिनियरला विनंती करा, चाळीसच्या चाळीस भरायलाच पाहिजेत असं काही नाही. माझ्या पॅनेलवर मी डेस्टिनेशन आणि सोर्सच्या मध्ये एक अख्खी ओळ रिकामी ठेवतो, लोक विचारतात वाया का घालवली, मी म्हणतो ती माझ्या बोटांची सीमारेषा आहे.

दोन रूट असे आहेत की ते चुकले तर नुसतं चित्र चुकत नाही, त्रास होतो. एक म्हणजे वळून स्वतःवर येणारा, समजा मल्टिव्ह्यूअरचं, म्हणजे एका स्क्रीनवर अनेक चित्रं दाखवणाऱ्या यंत्राचं, आउटपुट राउटरमधून परत मल्टिव्ह्यूअरच्याच इनपुटला दिलं, तर आरशात आरसा दिसतो तसा बोगदा तयार होतो. चित्राचं ठीक आहे, हसून सोडता येतं, पण ऑडिओ त्यात असेल तर शिट्टी. दुसरा म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या रिपोर्टरला परत जाणारी फीड. त्याला पूर्ण प्रोग्रॅम दिला तर त्याचाच आवाज उशिराने त्याच्या कानात येतो आणि तो बोलता बोलता अडखळायला लागतो. त्याला त्याचा स्वतःचा आवाज वजा केलेला मिक्स लागतो, मिक्स मायनस म्हणतात तो. रिटर्नचं डेस्टिनेशन हलवताना नेहमी ऑडिओवाल्याला आधी विचारा, हे मी अगदी काकुळतीला येऊन सांगतोय.

नावांबद्दल एक. बटणावर लिहिलेलं नाव आणि सॉफ्टवेअरमधलं नाव आणि मागच्या पोर्टचा नंबर या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या जुळतातच असं नाही. बटणाच्या टोपीखालची छापील चिठ्ठी बदलायचा सगळ्यांना कंटाळा येतो, मग वर पेनने लिहिलेली टेप येते, मग ती टेप पुसट होते. त्यात भर म्हणजे काही सिस्टिम आतून शून्यापासून मोजतात, ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओहबला टेक्स्ट कमांड पाठवायच्या असतील तर तो टीसीपी पोर्ट ९९९० वर ऐकतो आणि तिथे मागचा पहिला पोर्ट म्हणजे ०. कोणी ऑटोमेशनचा स्क्रिप्ट लिहिला आणि सगळंच एकाने सरकलं तर आधी हेच बघा. एखाद्या रिकाम्या दुपारी एक डेस्टिनेशन घ्या, तुमचाच मॉनिटर, आणि पहिल्या बटणापासून शेवटपर्यंत एकेक सोर्स त्यावर लावून वहीत लिहा की प्रत्यक्षात काय दिसलं. दीड तास जाईल, पण मग तुम्हाला ते पॅनेल सिनियरपेक्षा जास्त माहीत असेल.

चित्र येत नसेल तर बिघाड कुठे आहे हे शोधायला पण हेच पॅनेल सगळ्यात चांगलं हत्यार आहे. ज्या डेस्टिनेशनवर काळं आहे तिथे खात्रीचा सोर्स लावा, बार. बार दिसले तर आउटपुटकडचा रस्ता ठीक, रोग सोर्सच्या बाजूला. मग तोच संशयित सोर्स खात्रीच्या मॉनिटरवर लावा. तिथेही नाही आला तर कॅमेरा, केबल किंवा इनपुट पोर्ट. दोन्ही तपासण्या पास झाल्या, म्हणजे बार इथे दिसतात आणि तो सोर्स तिकडे दिसतो, तरी या दोघांची जोडी चालत नाही, तर बहुतेक वेळा फॉरमॅटचं भांडण, क्वचित तो एकच क्रॉसपॉइंट गेलेला. केबल उपटायच्या आधी हे करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फक्त संशयित डेस्टिनेशन रेकॉर्डिंगचं नाही ना ते बघून.

आयपीवर, म्हणजे व्हिडिओ नेटवर्कवरून नेणाऱ्या पद्धतीवर, गेलेल्या जागी, एसएमपीटीई २११० वगैरे, मागे ती जाळी नसतेच, पॅनेल कंट्रोल सिस्टिमला सांगतं आणि ती रिसीव्हरला सांगते की आता ही स्ट्रीम ऐक. बटणं मात्र तीच, डेस्टिनेशन आधी सोर्स नंतर, चुकाही त्याच. एक फरक जाणवतो, रिसीव्हर जुनी स्ट्रीम सोडून मग नवीन पकडत असेल तर मध्ये क्षणभर काळं किंवा गोठलेलं चित्र दिसतं, आणि स्वच्छ बदल पाहिजे असेल तर क्षणभर दोन्ही स्ट्रीम एकदम घ्याव्या लागतात, तेवढी बँडविड्थ शिल्लक पाहिजे. म्हणून तिथे बटण दाबून उत्तराची वाट बघायला शिका, लगेच दुसऱ्यांदा दाबू नका.

आणि ऑन एअरवर काही चुकलंच तर? मूळ सोर्स शोधत बसू नका. कुठलं बटण दाबलं की सुरक्षित चित्र जातं, स्लेट म्हणजे पाटीचं स्थिर चित्र असेल, बॅकअप प्लेआउट असेल, ते आधीच ठरलेलं पाहिजे आणि शक्यतो त्या टोपीचा रंग वेगळा पाहिजे. डेस्टिनेशन, ते बटण, टेक असेल तर टेक, झालं. मग श्वास घ्या आणि मग शोधा. काही पॅनेलवर आधीच्या रूटला परत जायचं बटण असतं, पण घाईत तुम्ही तीनदा काहीतरी दाबलं असेल तर "आधीचा" म्हणजे तुमचीच दुसरी चूक येणार, त्यामुळे त्याच्यावर माझा फार भरवसा नाही. शिफ्ट देताना कुठली डेस्टिनेशनं लॉक आहेत, कुठे ब्रेकअवे ठेवलाय, हे कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं दारापर्यंत पण टिकत नाही.

राहिला तो दिवा न लागणाऱ्या बटणाचा प्रश्न. पॅनेलला लॅम्प टेस्ट असेल तर चालवा, सगळी बटणं एकदम पेटतात. त्यात ते बटण पेटलं तर एलईडी चांगला आहे आणि बटणाला काही नेमूनच दिलेलं नाही, सेटअप सॉफ्टवेअरमध्ये ते रिकामं असणार. टेस्टमध्ये पण पेटलं नाही तर एलईडी गेला, तेव्हा स्वतःचा मॉनिटर सिलेक्ट करून ते दाबून बघा, चित्र बदललं तर बटण काम करतंय, फक्त आंधळं आहे. असं बटण आहे तसं वापरत राहू नका, आत्ता कुठला सोर्स लागलाय हे तुम्ही दिव्यावरूनच बघणार आहात ना. त्याच्यावरचा सोर्स इंजिनियरकडून दुसऱ्या बटणावर हलवून घ्या आणि मेलेल्या बटणावर पांढरी टेप चिकटवा. आणि ते चिकट लागत असेल, म्हणजे दाबल्यावर वर यायला वेळ घेत असेल, तर कोणीतरी त्यावर चहा सांडलाय. पॅनेल लॉक करा किंवा केबल काढा, मग टोपी काढून पुसा, चालू पॅनेल पुसायचं नाही.